११ तारखेच्या आत विचारा : बी.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरला टॅक्सच्या ऑफिसात इंटर्नशिप करताना

मी तासगाव तालुक्यातली. बी.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरला सांगलीत गणपती पेठेच्या बाजूला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात इंटर्न म्हणून लागले. सकाळी कॉलेज, दुपारी बारा ते पाच ऑफिस, मग एसटीनं घर. पुढं याच कामात राहिले. आता दर जानेवारीला दोन-तीन मुलं-मुली माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात. त्यांना जे तोंडी सांगते, ते इथं लिहून ठेवते आहे. ऑफिस टॅक्सचं असलं तरी यातलं बरंचसं बँकेत, पतसंस्थेत, कारखान्याच्या अकाउंट्स विभागात जाणाऱ्यांनाही लागू पडेल.

आधी तारखा, मग अर्ज

कॉलेजकडून आता ऑन-जॉब ट्रेनिंगचं पत्र मिळतं. आमच्याकडं येणाऱ्या मुलांच्या पत्रावर चार क्रेडिट आणि १२० तास असं लिहिलेलं असतं. रोज चार तास धरले तर तीस दिवस, आणि रविवार सोडून पाच आठवडे. बरीच मुलं हा हिशेब फेब्रुवारीच्या शेवटी करतात आणि मग मार्चच्या गर्दीत तास भरायला धावतात. परीक्षेची संभाव्य तारीख धरा, त्यातून अभ्यासाचे तीन आठवडे मागे या, त्यातून पाच आठवडे आणखी मागे या. ती तुमची रुजू व्हायची तारीख.

पण नुसते तास भरतील अशी तारीख धरू नका. टॅक्सच्या ऑफिसात महिन्याला एक चाक फिरत असतं, ते एकदा पूर्ण फिरलेलं बघायला मिळेल अशा बेतानं या. ७ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, भरायचा. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे आपल्या व्यापाऱ्यानं कुणाला काय विकलं त्याचा तपशील. १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे समोरच्यांनी आपल्या नावावर काय दाखवलं ते. आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याच्या कराचं रिटर्न, भरून कराचा भरणा. तिमाही रिटर्नवाल्यांच्या तारखा वेगळ्या आहेत, पण आधी हे मासिक चक्र डोक्यात बसू द्या. जो १ तारखेला येतो त्याला बिलाचा कागद हातात येण्यापासून चलन फुटेपर्यंतचा सगळा प्रवास बघायला मिळतो. जो १२ ला येतो त्याला तीच एंट्री करूनही कळत नाही की ती कशासाठी केली.

शक्य असेल तर जानेवारीत या. मार्चमध्ये ऑफिसात शिकवायला कुणाला उसंत नसते. १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, ३१ ला वर्षअखेर, सगळ्या पेढ्यांची येणी-देणी जुळवायची, शिल्लक मालाच्या याद्या यायच्या. तेव्हा नवीन माणसाला कुणी समजावत बसणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नसते.

रुजू होण्याआधी ऑफिसच्या सरांना दोन गोष्टी तोंडावर विचारा: मानधन आहे का, असेल तर किती, आणि परीक्षेच्या आधी किती दिवस सुट्टी मिळेल. मला महिन्याला २,००० रुपये ठरले होते आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं, त्यामुळं मनात काही राहिलं नाही. विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण महिनाभर मनात ठेवून शेवटी कुरबुर करण्यापेक्षा हे बरं. आणि सीए करणाऱ्या मुलांची आर्टिकलशिप ही वेगळी गोष्ट आहे. ती इन्स्टिट्यूटच्या नियमानं चालते, आता दोन वर्षांची आहे, तिचे नियम तुम्हाला लागू नाहीत. ऑफिसात आर्टिकल असतील तर त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका.

एक जाड वही

मोबाईलमध्ये नोट्स काढू नका. दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर आज काय काम केलं ते: कुठल्या फाईलचं, कुठल्या महिन्याचं, कितव्या बिलापर्यंत आलं. उजव्या पानावर शंका, एकाखाली एक, नंबर घालून. डावं पान हीच तुमची कॉलेजची लॉगबुक होते, नंतर वेगळं काही आठवून लिहावं लागत नाही. दर शनिवारी सरांची किंवा जे कुणी काम बघतात त्यांची सही घ्या. पाच आठवड्यांच्या सह्या एकदम घ्यायला गेलं की सही करणाऱ्यालाही पटत नाही.

उजव्या पानाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच आहे.

आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ काका होते. आधी चाळीस वर्षं पेठेत एका पेढीवर दिवाणजी होते, मग इथं आले. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "पोरी, शंका दोन जातीच्या असतात. एक थांबणारी, एक न थांबणारी. थांबणारी वहीत लिही, चहाला विचार. न थांबणारी असेल तर मी फोनवर असलो तरी समोर येऊन उभी राहा." थांबणारी म्हणजे, ही पद्धत अशीच का, हा फॉर्म कशासाठी. न थांबणारी म्हणजे, या कागदावर जे आहे आणि स्क्रीनवर जे आहे त्यात फरक दिसतोय. ही दुसरी शंका बिल हातात असतानाच विचारायची. बिल फाईलला लागलं की शंका विसरते, चूक मात्र राहते.

हे ऐकून मी मान डोलावली, आणि दोन महिन्यांनी नेमकी उलटी वागले. ते पुढं सांगते.

बिल कसं वाचायचं

पहिले दोन आठवडे तुम्हाला खरेदी-विक्रीच्या एंट्र्या देतील. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ८ विक्री, एफ९ खरेदी, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, हे दोन दिवसांत बोटांत बसतं. त्यात अवघड काही नाही, म्हणून मुलं वेग वाढवायला बघतात. वेगानं कुणी खूश होत नाही. बिल नीट वाचायला शिका.

सगळ्यात आधी जीएसटी नंबर. पंधरा अक्षरं असतात आणि प्रत्येक जागेला अर्थ आहे. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. सांगली-मिरजेला कर्नाटकातली गिऱ्हाइकं भरपूर, त्यामुळं हे दोन आकडे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा पेढीचा पॅन: आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. हाताने लिहिलेल्या बिलावर शून्य आणि 'ओ' सारखेच दिसतात. जागा मोजा. आठव्यापासून अकराव्यापर्यंत आकडाच असणार, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत अक्षरच असणार. मग डोळे ताणायची गरज पडत नाही. तेरावी जागा त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगते, चौदाव्या जागी सहसा 'झेड', आणि पंधरावं अक्षर तपासणीचं.

आता सहावं अक्षर बघा. पॅनमधलं चौथं अक्षर हा माणूस आहे की पेढी ते सांगतं: एकट्या व्यक्तीचा पॅन असेल तर 'पी', भागीदारी असेल तर 'एफ', कंपनी असेल तर 'सी', हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर 'एच'. जीएसटी नंबरात तेच अक्षर सहाव्या जागी येतं. हे एक अक्षर बघायची सवय मला फार उशिरा लागली.

खरेदीच्या बिलात आणखी एक जागा जपा. टॅलीत आपल्या नोंदीचा व्हाउचर नंबर वेगळा आणि समोरच्या पुरवठादाराचा बिल नंबर वेगळा. नवीन मुलं पुरवठादाराच्या नंबराच्या रकान्यात काहीतरी टाकतात किंवा तो रिकामा सोडतात. मग १४ तारखेनंतर २बी एक्सेलमध्ये घेऊन जुळवायला बसलं की निम्मी बिलं जुळतच नाहीत. त्या नंबरात आडवी रेघ असेल तर रेघ, तिरकी असेल तर तिरकी. तारीखही बिलावरची, माल उतरला त्या दिवसाची नव्हे.

माझ्या हातून काय झालं

मार्चची ८ तारीख होती. हळदीच्या एका अडत पेढीची फेब्रुवारीची विक्री मी चढवत होते. बिलबुक हातानं लिहिलेलं. एक बिल १,८४,००० रुपयांच्या हळदीचं, त्यावर ५ टक्के म्हणजे ९,२०० जीएसटी, एकूण १,९३,२००. घेणाऱ्या पेढीचं नाव टाइप करायला लागले तर टॅलीत दोन लेजर, म्हणजे दोन खाती, आली. दोघे भाऊ, वाटण्या झालेल्या, दोघांनी वडिलांचंच नाव पेढीला ठेवलेलं. एकाच्या नावापुढं 'ट्रेडर्स', दुसऱ्याच्या पुढं 'ट्रेडिंग कंपनी'. बिलबुकात अडत पेढीच्या दिवाणजींनी नुसतं वडिलांचं नाव लिहून पुढं रेघ ओढलेली होती. मी पहिलं लेजर घेतलं. मग लक्षात आलं की बिलावर पत्ता मिरजेचा आहे आणि लेजरला सांगलीचा. सरळसरळ न थांबणारी शंका. काका समोर बसले होते, पण कानाला फोन होता आणि सकाळपासून त्यांनी डबाही उघडला नव्हता. मी मनाशी म्हटलं, दुकान हलवलं असेल. आणि एंटर दाबलं.

दोघेही महाराष्ट्रातले, त्यामुळं सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी, तेवढेच आले. विक्रीची बेरीज पैशाला जुळली. १० तारखेला जीएसटीआर-१ गेला. बेरीज जुळत असली की अशी चूक कुणालाच दिसत नाही, हे मुद्दाम सांगते, कारण "टोटल टॅली झाली ताई" असं मुलं फार खात्रीनं सांगतात. बेरीज रकमेची खात्री देते, माणसाची देत नाही.

१६ तारखेला हळदीच्या शेठचा फोन आला. मिरजेच्या पेढीच्या २बीमध्ये बिल दिसत नाही, म्हणून त्या पेढीनं ९,२०० रोखून धरले होते. त्यांचंही बरोबरच होतं. पोर्टलवर दिसल्याशिवाय त्यांना क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी स्वतःच्या करातून वजा करता येत नाही.

मी बिलबुक उघडलं आणि जीएसटी नंबराचं सहावं अक्षर बघितलं. बिलावर 'एफ' होता. मी ज्या लेजरला टाकलं होतं त्याचा 'पी'. मिरजेचा भाऊ भागीदारीत होता, सांगलीचा एकटा. एका अक्षरात सगळं लिहिलेलं होतं.

मी उठून काकांसमोर गेले आणि तीन वाक्यांत सांगितलं: कुठलं बिल, कुठल्या नंबरवर गेलं, कुठल्या नंबरवर जायला हवं होतं. पत्त्याचा फरक मला तेव्हाच दिसला होता, हेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यात जड गेलं. काकांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "आता दोन फोन. पहिला शेठना, दुसरा सांगलीच्या भावाला." दुसरा फोन मला सुचलाच नव्हता. त्याच्या २बीमध्ये न घेतलेल्या मालाचे ९,२०० रुपये क्रेडिट दिसत होतं. २० तारखेच्या आत त्याला सांगितलं नसतं, तर त्यानं ते घेतलं असतं आणि पुढं त्यालाच ते व्याजासकट परत करावं लागलं असतं. घेणाऱ्याचा नंबर चुकला तर दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्येच करता येते. म्हणजे मिरजेच्या पेढीला १४ एप्रिलपर्यंत थांबणं भाग होतं, आणि आमच्या शेठचे पैसे महिनाभर अडकले. ८ तारखेला विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं.

म्हणून चूक कळली की सांगताना हा क्रम ठेवा: काय झालं, कुणाला त्याचा फटका बसतो, कुठल्या तारखेच्या आत काय करायला हवं. माफी एकदा मागा, रडत बसू नका. समोरच्याला आधी माहिती हवी असते, म्हणजे त्याला फोन उचलता येतो.

ओटीपीचा फोन

हे काम इंटर्नकडं हमखास येतं. रिटर्न भरताना व्यापाऱ्याच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो फोन करून मागायचा. "शेठ, ओटीपी आलाय बघा, सांगा पटकन" असं कधीही म्हणू नका. लोकांना फसवणारेही असंच बोलतात. आपण लोकांना तीच सवय लावली, तर उद्या त्यांचा खिसा कापला जाण्यात आपलाही हात असेल. आधी स्वतःचं नाव, ऑफिसचं नाव. मग कशाचं रिटर्न, कुठला महिना, कर किती. मग, "भरू का?" त्यांनी हो म्हटल्यावरच ओटीपी मागा. एखादे शेठ म्हणाले की मी ऑफिसच्या नंबरवर उलटा फोन करतो, तर आनंदानं करू द्या. हळू जा, बाजारात असतील तर थांबा. ओटीपी वहीत लिहू नका. आणि डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं टोकन कुणी हातात दिलं, तरी सर समोर असल्याशिवाय ते लावू नका. ती दुसऱ्याची सही आहे.

तसंच आधार, पॅन, बँक पासबुक यांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये घेऊ नका. स्कॅनर बंद असेल तर काम उद्यावर जाऊ दे. गावातल्या ओळखीच्या माणसाची फाईल समोर आली तर त्याचा धंदा किती, कर्ज किती, हे घरी जेवताना बोलायचं नाही. तासगाव लहान आहे, सांगलीही फार मोठी नाही. आईनं एकदा सहज विचारलं होतं, अमक्यांचं बरं चाललंय ना? मी म्हटलं, माहीत नाही. तिला कळलं, परत कधी विचारलं नाही.

परीक्षा आणि ऑफिस

वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्याची प्रत सरांच्या टेबलावर ठेवा आणि शेवटच्या दिवसाची तारीख लेखी द्या. "बघू, जमलं तर येईन" म्हणू नका. त्यांनाही कामाची वाटणी करायची असते. मी ऑडिटिंगचा पेपर ऑफिसात बसून समजून घेतला असं म्हटलं तरी चालेल. व्हाउचिंग म्हणजे काय हे पुस्तकात तीनदा वाचून कळलं नव्हतं, पेट्रोल पंपाची पावती आणि कॅशबुक शेजारी ठेवल्यावर कळलं. पण म्हणून ऑफिस हाच अभ्यास असं समजू नका. कॉस्टिंगची गणितं ऑफिसात कुणी सोडवून देत नाही, त्याला घरी बसावंच लागतं. मी एसटीत जाता-येता थिअरी वाचायचे आणि रात्री गणितं करायचे. खिडकीची जागा मिळाली नाही की वाचन बुडायचं, म्हणून एक गाडी सोडून पुढच्या गाडीला जायचे.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागू नका, दोन आठवडे आधी सांगा. मजकूर स्वतः कच्चा लिहून द्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, एकूण तास किती, कुठली कामं केली. "उत्तम काम केले" एवढ्यानं पुढच्या मुलाखतीत काही उपयोग होत नाही. "बारा व्यापाऱ्यांच्या खरेदीची २बीशी जुळवणी केली" असं असेल तर समोरचा त्यावर प्रश्न विचारतो आणि तुम्हाला बोलता येतं. जे केलं नाही ते मात्र लिहू नका, पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

जाताना एक कागद

शेवटच्या दिवशी पेढे वाटा किंवा नका वाटू, पण अर्धवट कामांचा एक कागद मागे ठेवा. प्रत्येक फाईलचं नाव, काम कुठपर्यंत आलं, काय राहिलं, कुणाला कुठल्या तारखेला फोन करायचा. खाली सही आणि तारीख. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला तुमच्या डोक्यातलं काही माहीत नसतं.

माझ्या कागदावर सात ओळी होत्या. सातवी अशी: "मिरजेची पेढी, फेब्रुवारीचं हळदीचं बिल, दुरुस्ती मार्चच्या जीएसटीआर-१ मध्ये. १४ एप्रिलनंतर २बीत आलं का ते त्यांना विचारणे. ९,२०० येणे." मी ४ एप्रिलला निघाले, पेपर सुरू झाले. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. १५ ला दुपारी पेपर सुटल्यावर मी कॉलेजच्या गेटातूनच काकांना फोन लावला. ते म्हणाले, "आलंय. मिरजेहून सकाळीच पैसे जमा झाले. आता उद्याचा पेपर बघ."

तो कागद त्या वर्षीच्या फाईलमध्ये अजून आहे. सातव्या ओळीपुढं काकांच्या निळ्या शाईची टिक आहे, आणि तिच्याशेजारी तारीख.